नऊ डब्यांतलं शेवाळ

आमची मावशी बेडकांची राखण करायची. हसू नका. ओढ्यांतले बुरशीच्या रोगानं केव्हाच संपले होते. त्या जातीचे जगात उरलेले सगळे, म्हणजे नऊ, ती कामाला होती त्या प्रयोगशाळेत तिच्याच ताब्यात होते. "घरात दोन पोरं, तिथं नऊ," काका म्हणायचे, "माझा नंबर बारावा."

तिथं शिरताना चपला बदलायच्या, हात धुवायचे, बाहेरचं काहीही आत न्यायचं नाही. प्रत्येकाला एक प्लास्टिकचा डबा आणि ओला कागद, एवढाच संसार. मावशीला तो बघवेना. तिथले प्राण्यांचे डॉक्टर आठवडाभर रजेवर गेले, तेव्हा तिनं घरामागच्या नाल्याकाठचं मऊ शेवाळ नेलं. भेदभाव नको म्हणून नऊही डब्यांत सारखं घातलं. डॉक्टर यायच्या दिवशी गुपचूप काढून टाकलं.

तीन आठवड्यांनी एक बेडूक पाय पसरून बसला, हात लावला तरी हलेना. संध्याकाळपर्यंत मेला. डॉक्टरांनी तपासलं. "बुरशीच. आत कशी आली देव जाणे. पण डबे वेगळे आहेत, बाकीचे वाचतील. त्यांना उगाच औषध नको, सोसत नाही."

मावशी बोलली तर नोकरी जाणार, न बोलली तर बेडूक. सकाळी दार उघडलं की आधी आठ मोजायची, मग श्वास घ्यायची. मला म्हणाली, "मीच मारलं गं त्याला. सांगायला तोंड उघडत नाही."

आणि मी शहाणी! म्हटलं, "गप्प बस. एवढ्याशा शेवाळानं काय होतंय?" त्या वाक्याची मला अजून भीती वाटते.

पाचव्या दिवशी दुसरा मेला, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर चिडले नाहीत, त्यानं ती जास्तच घाबरली. उरलेल्या सातांना औषधाच्या पाण्यात ठेवायला दोघं धावली. पाच गेले.

दोन वाचले. अजून कोवळे होते, नर की मादी कळायचं होतं. जोडी निघाली तर अंडी होतील, जात तगेल, असं डॉक्टर म्हणत. मावशीची नोकरी राहिली. झोप मात्र गेली ती गेलीच.

महिन्याभरानं तिचा फोन आला. "ऐक," ती कुजबुजली. पलीकडून बारीक टिकटिक ऐकू आली, मग तिला उत्तर देणारी दुसरी.

"दोघंही ओरडतायत!" मी म्हटलं. "मग रडतेस कशाला?"

"अगं, फक्त नर ओरडतात."