रविवारची मोरपंखी साडी

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कॉम्प्युटरचा जावयासारखा मान ठेवणारी बाई एकच झाली, आणि ती नेमकी माझी विहीण. माझा मुलगा आणि तिची मुलगी सिंगापूरला असतात. नात तिकडेच झाली. दर रविवारी अकरा वाजता ते तिघं तिकडे कॅमेऱ्यापुढे बसायचे आणि इकडे उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या सायबर कॅफेत विहीणबाई. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर मशीन चालवलेली बाई, साहेबालाही न भिणारी. पण कॅफेच्या दारात चपला काढायची. कॉम्प्युटरचा पडदा आधी पदराने पुसायची. सिंगापूर लांब म्हणून इतक्या मोठ्याने बोलायची, की शेजारच्या खुर्चीवरची माणसं नातीच्या खोकल्याची चौकशी करायची. आणि बसायची इतकी पुढे सरकून, की कॅफेची सिंधी मालकीण दर वेळी सांगायची, "माँजी, पीछे हटो, उधर सिर्फ नाक जा रही है." एकदा मुलीला सुकटीची आठवण येते म्हणून डबा नेऊन कॅमेऱ्यापुढे उघडला. सिंगापूरला वास पोचला नाही, पण कॅफे रिकामा झाला. नात तिकडून बिस्किट पडद्याला लावायची, ही इकडे आ करून खाल्ल्यासारखं करायची.

साडी मात्र दर रविवारी तीच, मोरपंखी. मी विचारलं, "अहो, दुसरी नाही का?"

"आहेत की. पण पोर मला ओळखणार कशावरून? तोंड तिकडे धुरकट जातं, रंग तेवढा कळतो. तुम्हीही चला एकदा. आजी तुम्हीपण आहात."

"मी खोक्यात नात बघणार नाही. येईल तेव्हा मांडीवर घेईन."

"घ्याल. ती यायला पाहिजे ना मांडीवर."

नात दोन वर्षांची झाली तेव्हा सगळे बदलापुरात बेलवलीला माझ्या घरी आले. विहीणबाई तासभर आधीच हजर, अर्थात मोरपंखीत. पोरीने तिला बघितलं आणि आईच्या मागे लपली. माझ्याकडे तर बघितलंही नाही. विहीणबाईचा चेहरा उतरला. "रंग तर तोच आहे," एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "खोक्यातली ओळख खोक्यातच राहणार." बोलायला नको होतं. माझी जीभ तशीच आहे.

ती उठून गॅलरीत गेली. मला वाटलं, रडायला गेली. तर खिडकीच्या गजांमागे स्टूल ओढल्याचा आवाज, आणि चौकटीत विहीणबाई उगवली. बरोबर खांद्यापर्यंत, नाक जरा पुढे. त्याच कॅफेतल्या आवाजात ओरडली, "बाळा, अकरा वाजले, बिस्किट कुठंय?"

पोरीने मान वळवली. बिस्किट घेऊन सोफ्यावर चढली आणि गजांतून हात बाहेर काढला. विहीणबाईने आ केला. या वेळी बिस्किट खरोखर तोंडात गेलं. मग तिने तोंड पलीकडे फिरवलं. एवढंसं बिस्किट, पण चावायला तिला फार वेळ लागला.

माझ्या मांडीवर नात आली ती जायच्या आदल्या दिवशी.

ते गेल्यावर पहिल्याच रविवारी मी कपाट उघडून बराच वेळ उभी राहिले. शेवटी जांभळी साडी काढली. कॅफेच्या दारात चपला काढल्या. विहीणबाईने तिची खुर्ची मला दिली.

"आता हीच नेसायची हं दर रविवारी. मध्येच बदलायची नाही."

मी मान डोलावली, नाक जरा मागे घेतलं आणि वाट बघत बसले.