नातवापुरती मराठी

अलिबागच्या पुस्तकांच्या दुकानात मी ज्यूंच्या प्राचीन इतिहासाचे नवे पुस्तक चाळत होतो. शेजारी आमच्या आळीतल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, रिबेकामावशी मुलांच्या प्राणिकथा पाहत होत्या. संकोचतच मी इतिहासाचे पुस्तक त्यांच्यापुढे केले.

"ते राहू दे रे. हे नातवाला फोनवर वाचून दाखवीन."

"इस्रायलमध्ये वाढलेला तो, त्याला मराठी समजते?"

"कावळ्याचं काव काव तेवढं समजतं. मग मीच कावळा होते!"

माझ्या हातात, देश गमावूनही प्रार्थनेची भाषा न सोडणाऱ्या त्यांच्या पूर्वजांचे पान उघडे होते. त्या वंशातल्या लेकरापर्यंत आपली मराठी एवढीच पोहोचणार, याची हळहळ वाटली. मावशी मात्र पुस्तक उघडून, हलक्या आवाजात, काव काव करून पाहत होत्या.