पाठवलं, पण पोचलं नाही

अण्णा गेल्याची बातमी मला माणसानं येऊन सांगितली. माझा फोन टेबलावर पालथा पडला होता, आवाज बंद करून. सकाळपासून त्यावर वहिनींचे नऊ फोन येऊन गेले होते. लोकांच्या खिशातला फोन कधी आणि किती वेळा थरथरवायचा हे ठरवणं हा माझा धंदा. मी वेबसाइटी बनवतो आणि त्यांची नोटिफिकेशनं लोकांच्या फोनवर धाडतो. पण कामात मला कुणाचा व्यत्यय खपत नाही, म्हणून स्वतःचा फोन मात्र मुका. टिळकवाडीतल्या माझ्या ऑफिसचा जिना चढून पल्लवी आली आणि दारातच थांबली. अण्णांची विद्यार्थिनी. "सर गेले," म्हणाली. "सकाळी आठला. वैनींचे फोन तुमी उचलले न्हाईत. मी बेळगावातच कामाला हाय, म्हटलं जाऊन सांगावं." मी उठलो, पुन्हा बसलो. तिनंच कोपऱ्यातल्या माठातलं पाणी भरून माझ्यासमोर ठेवलं. त्या मुलीनं मला पाणी द्यावं, यापेक्षा तिनं ते तोंडावर फेकलं असतं तर बरं झालं असतं. का, ते तिला त्या दिवशी माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

याला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे, आणि अण्णांबद्दल गोड लिहायला भरपूर आहे. पण मला ते जमणार नाही. मला राग आलाय. कुणाचा, ते पुढं येईलच.

अण्णा माझे थोरले भाऊ, सतरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, मला शिकवलं ते अण्णांनी. निपाणीत हायस्कूलला मास्तर होते. निवृत्त झाल्यावर घराजवळच्या विहाराच्या मागची खोली त्यांनी झाडून घेतली, चार टेबलं टाकली आणि अभ्यासिका सुरू केली. निपाणी, सदलगा आणि आजूबाजूच्या खेड्यांतली मराठी शाळेत शिकलेली पोरं तिथं नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करायची. या पोरांची अडचण सीमाभागाबाहेरच्या माणसाला कळणार नाही. बोलण्यापुरतं कानडी सगळ्यांना येतं, पण सरकारी जाहिरातीतलं कानडी वेगळंच. त्यात एक ओळ चुकीची लावली की वर्ष गेलं. अण्णा रोज सकाळी खात्यांच्या वेबसाइटी उघडून बसायचे, नवी सूचना आली की तिचं सरळ मराठी करायचे आणि फळ्यावर लिहायचे. जो आला नसेल त्याच्या घरी निरोप जायचा. निकाल लागला तर स्वतः जायचे, पेढा घेऊन.

यावरून मी त्यांना एकदा चिडवलं होतं. आमचे आजोबा गावचे येसकर. गावात कुणी मेलं की मयताचा सांगावा घेऊन, पायात काही न घालता, दहा-दहा कोस चालत जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगायचं आणि पदरात पडेल ती शिळी भाकरी घेऊन परतायचं. वडिलांच्या पिढीनं धम्म स्वीकारला आणि ते काम टाकलं. गावानं त्याबद्दल बराच त्रास दिला, तो सोसला, पण पुन्हा सांगावा नेला नाही. "आणि तुम्ही परत तेच करताय की अण्णा," मी म्हणालो. अण्णा हसले नाहीत. "आज्जानं नेला तो जुलमानं, मरणाचा," ते म्हणाले. "मी नेतोय तो माझ्या मर्जीनं. हितं मला उंबऱ्याच्या आत बोलवत्यात, च्या देत्यात. फरक कळतोय का तुला?"

चार वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं, पोरांना एकदम कळवायची काही सोय करता येईल का. व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, पण त्यात शुभ सकाळ, वाढदिवसाचे केक आणि कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो; मधेच अण्णांची सूचना बुडून जायची. मी म्हणालो, त्यात काय, वेब ॲप करून देतो. पोरांनी एकदा ते उघडायचं, 'नोटिफिकेशन पाठवू का?' असं ब्राउझर विचारतो त्याला 'हो' म्हणायचं, झालं. मग साइट बंद असली तरी तिचा एक छोटा पहारेकरी फोनमध्ये जागा राहतो. तुम्ही इथून बटण दाबलंत की तिकडं फोन वाजतो. नाव नको, नंबर नको.

"म्हंजे हा तुझा येसकर," अण्णा म्हणाले.

"व्हय. न दमणारा."

"आन् ह्याला भाकरी द्यायची कुणी?" असं म्हणून मात्र ते खूप हसले. दोन वर्षं ॲप उत्तम चाललं. अण्णांच्या मराठीतल्या दोन ओळी खिशात येऊन पडायच्या, पोरं बिनघोर असायची. अण्णांची एक जाड वही होती, प्रत्येकाचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली. मीच म्हणालो, "आता ही वही कशाला? बंद करा." त्यांनी माझं ऐकलं. नवीन आलेल्या पोरांचे नंबर लिहून घेणं थांबलं.

आता खरं सांगायचं ते.

बेळगावातला एक कोचिंग क्लास माझं गिऱ्हाईक होता. त्याचे संचालक एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्या अण्णांकडं सीमाभागातली पोरं हायत की. तेवढं आमचंही एखादं नोटिफिकेशन सोडत जा." मी हसलो. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जन्माचा रोग. पैशांसाठी केलं असतं तर निदान लबाडी तरी म्हणता आली असती. मी केलं ते निव्वळ भिडेखातर, आणि अण्णांना न विचारता. एखाद्याचं आठवड्याला एक झालं, मग रोज दोन. 'शेवटच्या पाच जागा!', 'आज नाही तर कधीच नाही!'... ज्या दारातून अण्णांचा निरोप यायचा त्याच दारातून हे, अभ्यासिकेच्याच नावानं. पोरं वैतागली. त्यांनी 'ब्लॉक' दाबलं.

हे 'ब्लॉक' काय असतं ते वाचकांना सांगायला हवं. एकदा माणसानं ते दाबलं की त्या वेबसाइटला पुन्हा विचारायची सोय नाही. त्यानंच आपणहून सेटिंगमध्ये शोधत जाऊन ते काढलं तर काढलं, नाहीतर तुम्ही त्याच्या दाराशी डोकं आपटून मेलात तरी आत आवाज जात नाही. नियम चांगला आहे. नकाराचा इतका मान आमच्या वडिलांच्या नकाराला कुणी दिला नव्हता. मला जे एकदाही म्हणता आलं नाही ते त्या पोरांनी एका बोटानं म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. पण त्यांच्यासाठी त्या दिवसापासून अण्णाही मुके झाले. आणि हे अण्णांना कळत नव्हतं, कारण ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती. किती फोनांनी दार लावलंय याचा आकडा माझ्या सर्व्हरवर यायचा. अण्णांच्या स्क्रीनवर मी तो ठेवला नव्हता. म्हातारा माणूस, उगीच काळजी करेल. त्यांना दिसायची फक्त एक हिरवी खूण आणि शब्द: 'पाठवले'.

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अभ्यासिकेतली अकरा पोरं एका परीक्षेत पास होऊन कागदपत्रांच्या पडताळणीपर्यंत पोचली होती. पडताळणी बेळगावात, पुढच्या आठवड्यात. बुधवारी खात्याच्या साइटवर कानडीत सूचना आली, तारीख अलीकडं ओढलीय, पडताळणी या शुक्रवारीच. अण्णांनी लगेच मराठी करून फळ्यावर लिहिलं आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली. ते निवांत झाले. गुरुवारी सकाळी अकरांतला एकजण अभ्यासिकेत दिसला, तेव्हा अण्णांनी विचारलं, "झाली का रं तयारी उद्याची?" तो म्हणाला, "उद्याची कसली सर?"

मग तो एकाहत्तर वर्षांचा, छातीत एक नळी बसवलेला माणूस उठला. जुन्या वहीत होते तेवढे नंबर फिरवले. चार लागले. उरलेल्यांसाठी दुपारी बाराच्या उन्हात एसटीनं, मिळेल त्याच्या मोटारसायकलवर, मधे चालत, गावोगाव हिंडले. शेवटी सदलग्याला पोचले तर पल्लवीच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, घरचे सगळे लग्नाला गुंजीला गेलेत, तिच्या मामाकडं. शेजाऱ्यांनी दिलेला तिचा नंबर बंद. दहाजण शुक्रवारी वेळेवर पोचले. पल्लवीची नोकरी गेली.

त्या गुरुवारी संध्याकाळी अण्णांचा मला फोन आला होता. आवाजात धाप होती. "बाळू, पोरांना मिळालंच न्हाई रं. पाठवलं म्हणून दावतंय की. काय झालं असंल?"

मी समोरच्या स्क्रीनवर बघत होतो. यादीतल्या जवळजवळ सगळ्या ओळींपुढं लिहिलेलं होतं, दार बंद. मी म्हणालो, "नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल अण्णा."

"बरं. तू बघ मग," म्हणाले. बस. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही. महिनाभरानं ते गेले. डॉक्टर म्हणतात, आजार जुना होता, त्या दिवसाच्या उन्हाशी असा थेट संबंध लावता येत नाही. डॉक्टरांना येत नसेल. मला येतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारातच झाला. मी गेलो तर दारावर दहा फुटी फ्लेक्स: अण्णांचा हसरा फोटो, 'भावपूर्ण आदरांजली', आणि खाली त्याच क्लासचं नाव, फोन नंबर, 'नवीन बॅच सुरू'. संचालक स्वतः आले होते. माईकवर म्हणाले, सर म्हणजे डिजिटल युगाचे शिल्पकार. लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात. तो फ्लेक्स फाडायला उठायला हवं होतं. उठलो नाही. मग पल्लवी उठली. माईक घेतला नाही, जागेवरूनच बोलली. "सरांना त्या उन्हात माझ्यामुळं यावं लागलं. रोज जाहिराती यायच्या म्हणून मी सरांचं ॲप ब्लॉक केलतं. मला काय ठावं, सरांचंही बंद हुतंय म्हणून... मी केलं हे." आणि ती तोंडात पदर कोंबून खाली बसली. बायकांनी तिला जवळ घेतलं. कुणीतरी म्हणालं, असू दे बाई, तुझी चूक न्हाई. पण कुणाची, ते तिथं एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो सतरंजीचे दोरे मोजत बसला होता. या माणसाचा मला राग आहे. त्या संचालकाचा त्याच्या खालोखाल.

तरीही मी आणखी पंधरा दिवस गप्प राहिलो. मग एका रविवारी वहिनींकडं गेलो. अण्णांचा फोन त्यांनी अभ्यासिकेतल्या फळ्याखालच्या फळीवर ठेवलाय, रोज सकाळी चार्ज करून. "पोरं अजून फोन करत्यात, भावजी. बंद ठिवला तर त्यांना कसं वाटंल?" आम्ही बोलत असतानाच तो फळीवर थरथरला. मी उचलला. 'शेवटच्या पाच जागा!' मी ते बंद करायचं विसरलो होतो. विसरलो होतो! भाऊ गेला, सभा झाली, आणि माझा येसकर न दमता चालूच होता. खाली सरकवत गेलो तर तसलीच शेकडो. एकही पुसलेलं नव्हतं.

"हे रोजचंच हाय," वहिनी म्हणाल्या. "मी किती बाऱ्या म्हणाले, त्या क्लासचं बंद करा की. बाकीच्या पोरांनी केलंय म्हणत्यात, तुमीबी करा. तर तुमचे अण्णा म्हणायचे, बाळूनं पाठवलंय ते. ऱ्हाऊ दे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी 'नेटवर्क' म्हणालो तेव्हाही बहुतेक माहीत होतं... शिव्या घातल्या असत्या तर मी कुठंतरी सुटलो असतो.

वहिनींना मी तिथंच सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी रेल्वेनं गुंजीला गेलो. पल्लवी हल्ली मामाकडं राहते आणि तिथून बेळगावला दुकानात कामाला येते. मेसेज केला नाही, फोनही नाही. हा सांगावा आमच्या आजोबांसारखाच न्यायचा होता, स्वतः जाऊन आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे चूक माझी नव्हती?"

"नव्हती."

"आन् त्या दिवशी सभेत तुमी समोरच बसलावता?"

"होतो."

"सरांना ठावं हुतं?"

"होतं."

"मग ते काय बोलले?"

"काहीच नाही."

"सर न्हाई बोलले. मी बोलते," ती म्हणाली, आणि तिनं मला जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही, ते माझं आहे. मामी आतून बघत होत्या. आत या असं कुणी म्हणालं नाही, आणि ते बरोबरच झालं. जिथवर सभेची हकिकत गेली तिथवर हीही जावी, म्हणून हे छापायला दिलंय. पल्लवीला तसं सांगूनच.

क्लासला मी नाही म्हणालो. आयुष्यातलं पहिलं. ॲप बंद केलं, सर्व्हरवरची सगळ्या फोनांची यादी पुसली. एक ओळ सोडून, अण्णांच्या फोनची. त्या ओळीपुढं अजून लिहून येतं, परवानगी आहे. ती पुसायला बोट जात नाही, आणि तिच्यावर काही पाठवायची माझी लायकी नाही. वहिनी रोज सकाळी फोन चार्ज करून फळ्याखाली ठेवतात. फळ्यावर अण्णांच्या अक्षरातली ती शुक्रवारची तारीख आहे, कुणी पुसलेली नाही. जुनी वही पुन्हा टेबलावर आलीय, आणि पोरं येता-जाता तिच्यात आपापले नंबर लिहून जातात.