वानखेडे काकांची एका हाताची नाडी

आधीच सॉरी... माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि मी एका बोटाने टाईप करते. नववीत शाळा सोडली, आणि इथे जयपूरला मराठी फक्त घरी आणि शेजारच्या वानखेडे काकांकडे बोलते. समजून घ्या.

तर रविवारी सकाळी माझी जाम फजिती झाली...

वानखेडे काका रेल्वेतून रिटायर झालेत. उजवा हात कोपरापासून नाही. बाकी सगळं स्वतः करतात, पण पायजम्याची नाडी काकू बांधतात, म्हणून एकटे कुठे जातच नाहीत. आता त्यांना भुसावळला बहिणीकडे जायचं होतं, आणि काकूंचे गुडघे दुखतात.

"इलास्टिक लावते म्हणू नकोस," काका आधीच म्हणाले. "इलास्टिक लहान पोरांना."

मी जगतपुऱ्यात एका टेलरकडे शिकते. जुन्या स्कूलबॅगच्या दोरीला दाबायचं प्लास्टिकचं बटण होतं, ते काढून नाडीत ओवलं. नाडीची टोकं दातात धरायची, बटण दाबून पोटापर्यंत सरकवायचं. सोडताना नुसतं दाबायचं. मी उजवा हात ओढणीने बांधून दहा वेळा ट्रायल घेतली... टी-शर्ट घालून.

काका घालतात गुडघ्यापर्यंत कुरता. माझ्या डोक्यातच आलं नाही!

रविवारी काकांनी नाडी स्वतः बांधली, वर कुरता घातला, ऐटीत चहा प्यायले आणि बाथरूममध्ये गेले. पाच मिनिटं... दहा मिनिटं...

कुरता सारखा बटणावर पडायचा, म्हणून काकांनी तो दातात धरला. बाहेरून काकू, "अहो, जमतंय ना?" काका "हो" म्हणायला तोंड उघडायचे, की कुरता खाली! परत धरला. परत काकू, "मी येऊ का आत?"

शेवटी आतून ओरडले, "अगं बाई, तू गप्प बसलीस तरच जमेल!"

काकू तिथेच स्टुलावर बसून हसत सुटल्या. मला मात्र घाम फुटला. मतलब, आता काका कुठले एकटे जातात... मी चपला घालून पळायच्याच बेतात होते.

तेवढ्यात काका बाहेर आले. कुरत्याचा खालचा काठ माझ्यापुढे धरला. "इथे एक लूप शिव. वर छातीच्या बटणात अडकवतो. तोंड मोकळं पाहिजे गं, हिला उत्तरं द्यावी लागतात."

शिवलं. बुधवारी काका एकटे गाडीत बसले. कोटा यायच्या आत काकूंना फोन, "जमलं! तू विचारायच्या आधी सांगतोय."

काकू फोन ठेवून थेट स्वयंपाकघरात गेल्या. मग मला शिरा दिला.

शाळेत माझं चुकलं की वही परत यायची, लाल रेघा मारून. काकांनी चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं आणि परत शिवायला दिलं. थँक्यू काका...

अरे बापरे, खालच्या मजल्यावर माकड घुसलंय, फ्रिज उघडून बसलंय म्हणे! जाते.