सहाचा खटका

नणंद म्हटली की ती भावजयांच्या भांडणात मजा बघणारी, असं लोकांना वाटतं. वाटू दे. मी मजा बघितलीच आहे, आणि पोटभर बघितली आहे. कुणाच्या बाजूने बघितली ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कटकट नको: धाकटीच्या.

आमचं माहेरचं घर दोन मजली. खाली दादा, थोरली वहिनी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. वर माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ गेला. सकाळी डबा घेऊन कामावर गेला तो परत आलाच नाही. त्यावर मी जास्त बोलत नाही, अजून बोलवत नाही. वर धाकटी एकटी उरली, मूलबाळ नाही. आणि वर्ष उलटायच्या आत थोरली येणाऱ्याजाणाऱ्यापुढे सुस्कारे सोडायला लागली, "एकट्या बाईला एवढी जागा करायचीय काय!" मुलाचं लग्न करायचं होतं ना तिला. वरचा मजला सुनेसाठी मोकळा हवा होता.

धाकटीला तिथून उठायचं नव्हतं. उठून जाणार कुठे? भावाच्या दारात? तिथली भावजय आमच्या थोरलीची सख्खी बहीण शोभावी अशी. म्हणून तिने घरात इस्त्रीचं काम सुरू केलं. स्वतःचं कमवायचं, आपला निम्मा खर्च उचलायचा, म्हणजे कुणी ब्र काढायला नको.

हात काय होता हो तिचा! कॉलरवर इस्त्री टोकाकडून आत न्यायची, बाहेर कधीच नाही, म्हणजे टोकाला चुणी पडत नाही. मग खांदे, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे पांढरे कोट तिच्याकडे यायचे, त्यांना निळी चिंधी. ते कोट म्हणजे तिचा खरा आधार. संध्याकाळी यायचे आणि सकाळी परत द्यायचे. त्यामुळे तिची इस्त्री संध्याकाळी तापायची.

मग नवीन मीटर आला. जिन्याखाली, खालच्या लोकांच्या दाराशेजारी, एकच मीटर सगळ्या घराला. त्याच्या बाजूला दोन मेन स्विच, एक खालचा, एक वरचा. बसवणारा माणूस भला होता. त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "संध्याकाळी सहा ते दहा वीज महाग. त्या वेळी सगळं गाव सगळं लावतं, म्हणून. दुपारी स्वस्त. जड कामं दुपारी उरका, बिल आपोआप उतरेल." धाकटीने मान डोलावली. थोरली तेव्हा फोनवर बोलत होती. पण तिने ऐकायचं तेवढं ऐकलं होतं.

पहिलं बिल आलं ते डोळे पांढरे करणारं. थोरलीने ते दादाच्या हातात दिलं आणि वर बोट दाखवलं. "रोज संध्याकाळी इस्त्री! घर धुऊन नेईल ही बाई."

दादाला तोपर्यंत कुणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे नियम करायची संधी मिळाली की त्याला ऊत आल्यासारखं व्हायचं. मी तिथेच होते. त्याने बोट वर केलं आणि म्हणाला, "आजपासून घरात एक नियम. दिवसाचं बिल निम्मं निम्मं. संध्याकाळचं मात्र ज्याने जाळलं त्याने भरायचं. सगळंच्या सगळं. मग तो कुणी का असेना."

"कुणी का असेना," धाकटी हळूच म्हणाली. मला वाटलं, बिचारी घाबरली.

मीटर एकच, त्यामुळे संध्याकाळचं सगळं धाकटीच्याच नावावर टाकलं गेलं, आणि तिने ते भरलं. खाली थोरलीचा गीझर, एसी, ओव्हन, कपडे धुवायचं मशीन, सगळं संध्याकाळीच चालायचं. उन्हाळ्यात ही बाई आधी कढत पाण्याने अंघोळ करायची आणि मग उकडतं म्हणून एसीसमोर बसायची. त्या सगळ्याचे पैसे माझ्या मेलेल्या भावाच्या बायकोने इस्त्री मारून भरले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण दादाशी बोलायला जावं तर तो म्हणतो, "तू तुझं सासर बघ."

थोरलीचं एवढ्यावर भागलं नाही. एका संध्याकाळी धाकटी कोटाची पाठ मारत होती आणि इस्त्रीचा दिवा विझला. पंखा थांबला. सगळं वर अंधार, खाली मात्र टीव्हीवर हसण्याचे आवाज. धाकटी खाली उतरली, तर थोरली मेन स्विचपाशी उभी.

"महागाची वीज आहे ना," थोरली म्हणाली. "मी तुझंच बिल वाचवतेय हो."

त्या दिवशीचे कोट अर्धे चुरगळलेले राहिले. सकाळी दवाखान्याचा माणूस आला, गठ्ठा उघडून बघितला आणि निळी चिंधी तिथेच जिन्यावर टाकून निघून गेला. त्यानंतर कोट आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता पुन्हा खटका, दहा वाजल्यावरच स्विच परत चालू. तिसऱ्या दिवशीही. दादा दुकानातून सातला यायचा, त्याला यातलं काहीच माहीत नाही. थोरलीने त्याला कशाला सांगावं? त्याने म्हटलं असतं, वर बंद आहे तर संध्याकाळचं बिल कुणाचं? दादा हुशार नाही, पण इतकाही बावळट नाही. म्हणजे वरचा मजला अंधारात आणि महिनाअखेरीला संध्याकाळचं बिलही वरच्या मजल्यालाच. बाई गं, किती नीचपणा करावा माणसाने!

मी एकदा संध्याकाळी वर गेले. धाकटी खिडकीत बसली होती, ओल्या फडक्याने मान पुसत.

"भांड ना!" मी ओरडले. "जा खाली आणि चारचौघांत तिची वरात काढ!"

"भांडले तर उद्यापासून ती बंद करणार नाही, वन्सं."

"मग बरंच की!"

"नाही. करू दे तिला. रोज करू दे. हाताला सवय लागू दे." आणि ती हसली. भाऊ गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं, पण ते हसू मला नवीन होतं. दात घट्ट ठेवून हसत होती.

मला तेव्हा काही कळलं नाही. उलट मला तिचाच राग आला. म्हटलं, अशी मेंगळट राहिली तर हिला खरंच घर सोडावं लागणार.

पण मेंगळट ती नव्हती. तिने आपला सगळा दिवसच उलटा करून टाकला. सकाळची कामं उरकली की इस्त्री तापवायची ती दुपार सरेपर्यंत. स्वयंपाक उजेडात. चहा थर्मासमध्ये. फोन, बॅटरी सगळं दुपारीच भरून ठेवायचं. गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, आज संध्याकाळी द्याल तर उद्या संध्याकाळी मिळेल, त्या आधी नाही. काहीजण कुरकुरले, दोघं-तिघं सोडून गेले, बाकीचे राहिले, कारण तशी कॉलर गावात दुसरीकडे मिळत नव्हती. सहाला खटका पडायचा तेव्हा वर बंद पडायला काही उरलेलंच नसायचं. इस्त्री थंड, गठ्ठे बांधलेले, आणि बाई जिन्यात बसलेली, खालच्या पायरीकडे बघत.

इकडे उन्हाळा तापला तसं संध्याकाळचं बिल आणखी चढलं. दादा वर गेला आणि म्हणाला, "मी एवढं सांगूनही तू ऐकत नाहीस. लपूनछपून लावतेस. आता पुरे. मुलाचं ठरतंय. मुलीकडचे रविवारी येताहेत, त्यांना वरचा मजला दाखवायचाय. त्यानंतर तू भावाकडे जायची तयारी कर."

"बरं भाऊजी," ती म्हणाली. "रविवारी किती वाजता येताहेत?"

"संध्याकाळी."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिचे कान लाल झाले होते.

रविवार आला. मला मुलाची आत्या म्हणून बोलावणं होतं, मी गेलेच. थोरलीने खाली नुसता धडाका लावला होता. एसी गारेगार, ओव्हनमध्ये काहीतरी फुगतंय, गीझर चालू, शिवाय सगळे दिवे लखलखीत. नवरा मुलगा कोपऱ्यात नवा शर्ट घालून घामेघूम. मुलगी, तिचे वडील आणि तिची आई आले. आई शाळेत मुख्याध्यापिका, नजर अशी की बाक वाजवणारी पोरं आपोआप गप्प बसावीत. हसणं, विचारपूस, सरबत झालं. मध्येच थोरली "आलेच हं" म्हणून दाराकडे गेली आणि परत आली. मी ते बघितलं, पण माझ्याही डोक्यात काही शिरलं नाही.

मग दिवेलागण झाल्यावर दादा उठला. "चला, मुलांसाठीचा वरचा मजला दाखवतो."

आम्ही सगळे जिन्याने वर. वर काळोख. दादाने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "वीज गेली वाटतं."

"खाली तर आहे," मुलीची आई म्हणाली.

अंधारातून धाकटीचा आवाज आला. शांत, अगदी पाहुण्यांशी बोलावं तसा. "वीज गेलेली नाही. जाऊबाई रोज सहाला वरचा मेन स्विच बंद करतात. उन्हाळा सुरू झाल्यापासून. आजही केला, सवयच आहे त्यांना."

थोरलीच्या तोंडातून नुसता "अं" असा आवाज निघाला. आज वरचा मजला दाखवायचा आहे हे तिला माहीत होतं. पण हात गेला तो गेला! सहा वाजले की हात तिकडे जाणार, आता मेंदूला कोण विचारतो? आणि धाकटी वर अंधारात बसून त्या खटक्याची वाट बघत होती. तिने सांगितलं असतं, "जाऊबाई, आज नको," तर सगळं टळलं असतं. तिने सांगितलं नाही. शाबास!

"वर रोज बंद असतं?" दादाने विचारलं. "मग संध्याकाळचं बिल..."

"या ना, खाली या," धाकटी म्हणाली. "मीटरच बघू."

जिन्याखाली सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. वरचा स्विच खाली पाडलेला. आणि मीटरवरचा तो लाल दिवा, जितकी वीज जास्त तितका भराभर लुकलुकणारा, असा फडफडत होता की डोळ्याला दिसेना. धाकटी आत गेली. गीझर बंद केला. दिवा जरा थांबून लुकलुकायला लागला. ओव्हन बंद केला. आणखी सावकाश. एसी बंद केला. लाल दिवा लागला, विझला, आणि पुन्हा पेटायला इतका वेळ लागला की मुलीचे वडील म्हणाले, "बंद पडला की काय!"

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "नियम तुमचाच आहे. ज्याने जाळलं त्याने भरायचं. कुणी का असेना."

दादाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. व्याह्यांसमोर, बायकोसमोर, बहिणीसमोर. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "आम्ही भरू. मागचंही परत करू." थोरलीला तोंड लपवायला जागा नव्हती आणि एसी बंद असल्यामुळे घाम पुसायलाही पदर पुरेना. मी मध्ये पडले नाही. मी का पडू? माझ्या भावाच्या घरात अंधार करत होती ती.

मुलीच्या आईने एकदा सगळ्यांकडे खालून वर बघितलं. "मुलगा चांगला आहे," ती म्हणाली. "लग्न होईल. पण मुलं वेगळी राहतील, भाड्याने. जिथे स्विच त्यांच्या हातात असेल अशा घरात." झालं! वरचा मजला कुणालाच नको झाला. ओव्हनमधलं जे काय होतं ते बसून दगड झालं, आणि आम्ही ते तसंच खाल्लं.

वरच्या मजल्याला पुढच्याच आठवड्यात स्वतंत्र मीटर लागला. स्विच वर, धाकटीच्या दाराच्या आत. दवाखान्याचे कोटही परत आले, दवाखान्याने कोटांचा एक जादा जोड घेतला, म्हणजे दुपारी इस्त्री झाली तरी चालतं. मला वाटलं, आता संपलं. पण धाकटीचं संपलं नव्हतं. ती रोज सहाला जिन्यात येऊन खाली हाक मारायची, "जाऊबाई, सहा वाजले हो!" आणि दादा, जो आता बिल खिशातून जातं म्हणून सहाच्या आत घरी यायला लागला होता, उठून एसी बंद करायचा. रोज. एक दिवस चुकला नाही. थोरली आत बसून बोटं मोडायची आणि घामाने भिजायची.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी थोरली स्वतः जिना चढून वर आली. हातात नवरदेवाचे कपडे. परगावाहून शिवून आणताना पेटीत दबून सगळे चुरगळलेले. बाहेरची इस्त्रीची दुकानं बंद झाली होती. मी तिथेच बसले होते.

"एवढं मारून दे गं," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खालचा. "सकाळी लवकर निघायचंय."

धाकटीने कपडे हातात घेतले. कापड बोटांनी चाचपून बघितलं. मला वाटलं, आता ती विरघळणार.

"कापड छान आहे," ती म्हणाली. "पण सहा वाजून गेले ना, जाऊबाई. आता महाग पडतं. उद्या दुपारी आणा."

आणि कपडे घडी करून परत तिच्या हातात दिले.

पुतण्याचा काय दोष, म्हणाल तर काहीच नाही. मला वाईट वाटलं का? थोडंसं. पण दुसऱ्या दिवशी तो चुरगळलेल्या पाठीने सगळ्यांसमोर उभा राहिला, थोरली मागून हाताने त्याच्या कपड्यांच्या सुरकुत्या ओढत राहिली, आणि पहिल्या रांगेत धाकटी बसली होती. तिच्या कपड्यांवर एक चुणी नव्हती.