दोन वाजताची नाडी

ती घटना आठवली की आजही माझा हात नकळत दुसऱ्या हाताच्या मनगटाकडे जातो.

डिचोली तालुक्यातलं एक खासगी इस्पितळ. सुर्ल्याचा एक ट्रकवाला, त्याची आई तिथे दाखल होती, संध्याकाळी आमच्या ठाण्यात आला. "साहेब, चार वाजता आवशीक भेटूक गेलंय. हात लाकडासारखो घट्ट! आणि खाटेवरच्या कागदावर दोन वाजता नाडी चौऱ्याऐंशी. कोणाची मोजली ती?"

आकस्मिक मृत्यूची नोंद केली, खाटेला अडकवलेला तक्ता जप्त केला. शवचिकित्सेनुसार मृत्यू सकाळी दहाच्या सुमाराचा. तक्त्यात बाराला नाडी ब्याऐंशी, दोनला चौऱ्याऐंशी. मेलेल्या बाईची नाडी वाढत होती! आमचा हवालदार तो कागद हातात धरायला तयार होईना.

मालक डॉक्टर म्हणाले, "आमच्या आयेने खोटे आकडे भरले. तिलाच अटक करा." किती सोपं!

ही आया तुयेची, आधी तिथल्याच कारखान्यात खोकी भरायची. दोन तास विचारलं, उत्तर एकच. "खोटा नाय लिवलंय, साहेब. ठोके लागत होते माका. हात थंड होतो, पण एसी होतो मरे!"

"दाखव कशी मोजतेस." मी मनगट पुढे केलं. तिने त्यावर अंगठा दाबला. प्रथमोपचाराच्या वर्गात आम्हाला बजावलं होतं, नाडी बोटांनी बघायची. अंगठ्याने बघितली तर आपलीच लागते. मी हात काढून घेतला आणि माझी वेताची छडी पुढे धरली. "आता हिची मोज."

"चेष्टा करतास काय, साहेब?" ती हसली, पण अंगठा दाबला. ओठ हलू लागले. एकवीस, बावीस... हसू विरलं. छडी टाकून ती किंचाळली, "साहेब, हिका पण नाडी आसा!"

त्या दिवशी दोनदा ही बाई प्रेताजवळ उभी राहून स्वतःचंच काळीज मोजत होती.

मग तक्ता नीट पाहिला. परवानाधारक नर्सची सही प्रत्येक ओळीत होती. रात्री आठच्या, न भरलेल्या ओळीतही. तीन मजल्यांना ती एकटी, सकाळीच सह्या करून मोकळी. जबाबात म्हणाली, "डॉक्टरांनीच सांगितलं होतं, नाडी-ताप आयेकडे सोपव." आरोपींत मालक आणि नर्स आले. आया साक्षीदार झाली.

आयुष्यभर मी खोटं बोलणारी माणसं पकडली. इथे सगळ्यात भयंकर आकडा प्रामाणिकपणे लिहिलेला होता. नाडी कशी बघायची ते त्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. पांढरा गणवेश मात्र पहिल्याच दिवशी दिला होता. आणि आपण गणवेश बघूनच आई सोपवतो. खाटेशी येईल तिला विचारा, बाई, तू हे शिकलीस कुठे? रागावली तर रागावू दे.