स्वस्त म्हणून परकं ठरलेलं कापड

निर्यातीची फाइल सरकारी ऑफिसातून परत आली तेव्हा केदारबाबू माझ्या टेबलासमोर पान चघळत बसले होते. मी शेरा वाचला आणि त्यांना सांगितलं, की तुमचं कापड भारतीय नाही. त्यांचं चघळणं थांबलं.

केदारबाबू बनारसी कापडाचे एक्स्पोर्टर. मी कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे वस्तू बनवायला नेमका किती खर्च आला ते काढून त्याखाली सही करणारी बाई. जन्म बनारसच्या रामघाटावरचा. घरात मराठी, ऑफिसात हिंदी, आणि भांडायची वेळ आली की दोन्ही.

काठमांडूच्या एका व्यापाऱ्याला बौद्ध मठासाठी किनखाप हवा होता, जड जरीचा, हातमागावरचा. तो गंगेपलीकडच्या रामनगरचे रशीदभाई विणत होते. शेजारी देशांत मुक्त व्यापाराचा करार असला की एकमेकांच्या मालावर जकात कमी लागते किंवा माफ होते. पण माल त्या देशाचाच असायला हवा. नाहीतर तिसऱ्याच देशाचा माल शेजाऱ्याच्या दारातून आत येईल. म्हणून सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागतं. तो मालाचा जन्मदाखलाच म्हणा. ते मिळायचं तर बाहेरून आणलेला कच्चा माल विक्रीच्या किमतीच्या ठरावीक हिश्शाहून जास्त असता कामा नये. इथे रेशीम चीनचं होतं, जरीही बाहेरची, आणि दोन्ही मिळून तो हिस्सा ओलांडला होता.

सर्टिफिकेट नाही म्हणजे पूर्ण जकात. तशी लागणार असेल तर मशीनवरचं नकली कापड घेईन, असं काठमांडूहून कळवून झालं होतं. रशीदभाईंकडे दुसरं काम नव्हतं. माग विकून टोटो, म्हणजे ई-रिक्षा, घ्यायची बोलणी त्यांनी सुरू केली होती.

सुताची किंमत कमी दाखवा, असं केदारबाबूंनी सुचवलं. मी नाही म्हटलं. देशी रेशीम घ्यावं तर आधीचं सूत रंगून मागावर चढलेलं. पण मला तो आकडाच पटत नव्हता. एवढं किचकट कापड आणि त्यात इथल्या मेहनतीचा वाटा इतका थोडा कसा? मी पूल ओलांडून रामनगरला गेले.

रशीदभाई मागावर होते. त्यांची बायको शकीलाभाभी बाजूला बसून नरी भरत होती. नरी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची कांडी. दोन मुली विणलेल्या कापडाच्या पाठीवरचे सुटे धागे कातरत होत्या. म्हातारी आई रेशमाचा गुंता सोडवत होती. सगळं घर राबत होतं आणि केदारबाबूंच्या कॉस्टशीटवर मजूर एकच होता.

मी विचारलं, या सगळ्यांची मजुरी किती? रशीदभाईंना प्रश्नच कळेना. मजुरी थानामागे, म्हणजे ताग्यामागे मिळते, ती त्यांना.

"घरवालों की मजूरी कौन जोड़ता है, दीदी?"

माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं. मला माझी आई आठवली. वडील यजमानांचं श्राद्ध सांगत, दक्षिणा त्यांच्या हातावर पडे. ब्राह्मणभोजनाचा सगळा स्वयंपाक आईचा. त्याची मजुरी आमच्याही घरात कुणी जोडली नव्हती.

परतताना हिशेब उलगडला. हे हात फुकटचे होते म्हणून कापड स्वस्त होतं. कापड स्वस्त म्हणून त्यातलं परदेशी सूत प्रमाणाबाहेर दिसत होतं. मजुरी धरली तर किंमत वाढणार, सुताचा हिस्सा नियमात बसणार आणि जकात उतरणार. काठमांडूच्या व्यापाऱ्याला कापड जवळजवळ तेवढ्यालाच पडणार.

केदारबाबू खूश झाले. म्हणाले, मग वाढवा कागदावर. फुकट ते पौष्टिक, हा त्यांचा जन्मभराचा बाणा.

"खाली सही माझी असते," मी म्हटलं. "मजुरी खरोखर द्या, बायकांच्या हातात. नाहीतर दुसरा अकाउंटंट बघा."

घरच्या बायकांना मजुरी देणारा मी बनारसमधला पहिला मूर्ख ठरेन, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ठरा. ते तणतणत गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले, कारण ऑर्डर मोठी होती.

पैसे माझ्यासमोर दिले गेले. शकीलाभाभीनं ते ओढणीच्या टोकाला बांधले आणि पुन्हा नरी हातात घेतली. नव्या किमतीला काठमांडूहून होकार आला, सर्टिफिकेट मिळालं, माल सीमेपार गेला. टोटोचं बोलणं थांबलं.

गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. पण मठाची पुढची ऑर्डर आली आणि केदारबाबूंनी अर्धं रेशीम बंगळुरूहून मागवलं. बाहेरच्या मालाचा हिस्सा आपोआप खाली आला. जुन्याच किमतीत नियम पाळला गेला. बायकांच्या मजुरीची ओळ कॉस्टशीटवरून गेली, आणि मजुरीही. मी वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, "नियम तो पूरा है न?"

पुरा होता. खर्च खरा होता, खोटं एक अक्षर नव्हतं. मी सही केली, आणि मला फार वाईट वाटलं.

निदान आपण सांगावं म्हणून रामनगरला गेले. शकीलाभाभीनं सगळं ऐकून घेतलं. हात चालूच होता.

"मतलब अबकी हमारे बिना ही कपड़ा देसी हो गया?"

मी हो म्हटलं.

करारानं रशीदभाईंचा माग वाचवला, हे मी कुणालाही सांगेन. पण करार माल कुठला एवढंच विचारतो. त्यात कुणाकुणाचे हात लागले, हे विचारायला तो बांधलेला नाही. मी मात्र आता कॉस्टशीट हातात घेण्याआधी विणकराच्या घरी जाऊन येते. व्यापारी हसतात. हसू देत.